दोन आठवड्यांची माया

शिक्षणाकरिता परदेशी गेलेल्या मुलामुलींकडून हल्ली घरी एक विचारणा येत असते. उन्हाळ्याची सुटी लागली आहे. बरोबरीची काही मंडळी एका दूरच्या देशातील अनाथालयात, विशेष गरजा असलेल्या मुलांची सेवा करावयास निघाली आहेत. दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे, तरी जाऊ का? अशा मुलास नाही म्हणणे आईबापांच्या जिवावर येते. त्याला चैन न सुचता सेवा सुचली, याचा आनंद कोणास होणार नाही? आमचेही पहिले मत अनुकूलच होते. परंतु ह्या सेवेचा इतिहास पाहिल्यावर ते तसेच राहिले नाही. हा इतिहास मुख्यत्वे रुमानिया देशात घडला असल्यामुळे वाचकांस प्रथम तेथे नेणे अवश्य आहे.

१९६६ साली रुमानियाचा सत्ताधीश चाउशेस्कू याने लोकसंख्या वाढविण्याच्या हेतूने, थोडे अपवाद सोडून, गर्भपातास बंदी करणारा हुकूम काढला. ज्या घरी आधीच पोटाची भ्रांत होती, तेथेही मुले जन्मास येऊ लागली व नाइलाजाने ती सरकारी आश्रमांत ठेवली जाऊ लागली. २५ डिसेंबर १९८९ रोजी चाउशेस्कूस गोळ्या घालून ठार करण्यात आले, त्या वेळी एक लाखाहून अधिक मुले अशा आश्रमांत होती. त्यांस अनाथ म्हणत खरे, पण बहुतेकांचे आईबाप हयात होते.

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ह्या मुलांची छाननी होई. ज्यांत व्यंग दिसे त्यांस ‘न सुधारण्याजोगी’ असा शिक्का मारून गावाबाहेरच्या, दृष्टिआड असलेल्या इमारतींत पाठवीत. त्यांत काही मुलांचे व्यंग तिरळेपणा किंवा फाटलेला ओठ एवढेच असे. तेथे एकेका आयेकडे कित्येक मुले. दुधाची बाटली उशीला टेकवून ठेवावयाची, सगळ्यांना एका घंटेला उठवावयाचे व एका घंटेला निजवावयाचे, असा क्रम. कोणी उचलून घेत नाही, कोणी बोलत नाही, म्हणून मुले तासन्‌तास अंग झुलवीत बसत.

१९९० साली ही दृश्ये जगापुढे आली आणि युरोप-अमेरिकेतून स्वयंसेवकांची रीघ लागली. त्यांनी छपरे दुरुस्त केली, गरम पाण्याचे नळ चालू केले, औषधे आणली. ह्या उपकाराचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या वेळच्या हकिगतींत एक गोष्ट वारंवार आढळते. पाहुणा दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच मुले धावत येऊन त्याच्या गळ्यात पडत, मांडीवर चढत. पाहुण्याचे डोळे भरून येत. त्याला वाटे, ही मायेची केवढी भुकेली आहेत! त्यांना भूक होती हे खरेच. पण त्या मिठीचा अर्थ त्याहून अधिक दुःखाचा होता.

आपल्या घरचे दीड वर्षाचे मूल अनोळखी गृहस्थ आला की आईच्या पदराआड लपते. आपण त्याला लाजाळू म्हणून हसतो. पण ते लपणेच निरोगीपणाचे लक्षण आहे. आपले माणूस कोणते व परके कोणते, हे त्याला कळू लागलेले असते. ज्या मुलाला ठरलेले असे एकही माणूस मिळाले नाही, त्याला हा भेद कळत नाही. ते कोणाच्याही कडेवर जाते आणि कोणाचाही हात धरून चालू लागते.

ह्या गोष्टीची शास्त्रीय पाहणी अमेरिकन शास्त्रज्ञ नेल्सन, फॉक्स आणि झीना यांनी २००० साली बुखारेस्ट शहरी सुरू केली. त्यांनी आश्रमांतील १३६ लहान मुले निवडली. गंभीर व्यंग असलेली मुले त्यांनी मुद्दाम वगळली होती. निवडलेल्यांपैकी निम्मी मुले चिठ्ठ्या टाकून कुटुंबांत संगोपनास दिली व उरलेली होती तेथेच राहिली. साडेचार वर्षांच्या वयाला तपासणी झाली तेव्हा आश्रमांतल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७३ भरला, कुटुंबांत गेलेल्यांचा ८१, आणि नेहमीच आपल्या घरी वाढलेल्या मुलांचा १०९. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, त्यांची प्रगती विशेष चांगली झाली. तात्पर्य, धडधाकट जन्मलेल्या मुलासही नुसत्या आश्रमवासाने अपंगत्व येते. मग जे मूल जन्मतःच व्यंग घेऊन आले, त्याची काय कथा?

अशा मुलाच्या संगोपनात सातत्याचे महत्त्व तर फारच आहे. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याचे स्नायू ताठरले आहेत, त्याला घास भरविणे हे अर्ध्या-पाऊण तासाचे काम असते. त्याला नीट ताठ बसवावे लागते, मान किंचित पुढे ठेवावी लागते. मान मागे गेली की घास श्वासनलिकेत उतरण्याची भीती. पातळ किती, घट्ट किती, पुढचा घास केव्हा द्यावयाचा, हे प्रत्येक मुलाचे निराळे असते. बोलता न येणारे मूल डोळे वर करून ‘हो’ म्हणते, ओठ मिटून ‘नको’ म्हणते. ही भाषा त्याच्या नित्याच्या आयेसच कळते. दोन आठवड्यांच्या पाहुण्यास ती जेमतेम कळू लागते न लागते तोच त्याची परतीची वेळ होते. मुलाला मात्र दुसऱ्या पाहुण्यापाशी पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. वर्षातून वीस वेळा ज्याचे माणूस निघून जाते, ते अखेर कोणाशी जीव लावणेच सोडून देते.

याहूनही वाईट प्रकार पुढे दृष्टीस पडला. कंबोडिया, नेपाळ अशा देशांत प्रवाशांच्या देणग्यांवर अनाथालये वाढली, आणि ती भरण्याकरिता खेड्यांतून आईबाप असलेली मुले शिक्षणाचे आमिष दाखवून आणण्यात आली. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांविषयीच्या ठरावात अशा अनाथालय-पर्यटनाच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख केला. आपल्या मुलाच्या दयाळूपणाने अशा व्यापारास हातभार लागावा, हे कोणा आईबापांस रुचेल?

रुमानियाने २००४ साली कायदा करून दोन वर्षांखालील मुलास आश्रमात ठेवण्याची बंदी केली. मात्र तीव्र व्यंग असलेल्या बालकांचा त्यास अपवाद होता. ज्यांस आपल्या माणसाची सर्वांत अधिक गरज, तीच मागे राहिली! म्हणून ह्या मुलांकडे पाठ फिरवा असे आमचे सांगणे नाही. सांगणे एवढेच की, जाण्यापूर्वी मुलाने चार प्रश्न विचारावे. येथील मुलांचे आईबाप आहेत काय, व त्यांस घरी पोहोचविण्याचा प्रयत्न होतो काय? आमच्या वर्तनाचा दाखला तुम्ही मागता काय? आम्हांस मुलांपाशी बसविणार, की त्यांच्या आयांच्या मदतीस देणार? आणि आम्ही गेल्यावर आमचे काम कोण चालविणार? जेथे पहिल्याच पत्रास फक्त फीचा आकडा येतो, तेथे जाऊ नये. ज्यांस अंगव्यायामाचे उपचार किंवा वाचा सुधारण्याचे शास्त्र येते, त्यांनी जरूर जावे, पण तेथील आयांस शिकवून यावे. ती विद्या तेथे राहते.

ज्यांस असे काही येत नाही, त्यांनाही मार्ग आहे. ज्या गावी आपला मुलगा वा मुलगी शिकते, तेथेही असे मूल सांभाळणारी कुटुंबे असतातच. त्या मुलाच्या आईला आठवड्यातून दोन तास उसंत मिळणे दुर्मीळ असते. तेथील एखाद्या विश्वासाच्या संस्थेमार्फत एका घरी, दर आठवड्यास, एकाच वारी, पदवी मिळेपर्यंत तीन वर्षे जावे. यात प्रवास नाही, छायाचित्रे नाहीत. प्रथम ते मूल त्याच्याकडे पाहणारही नाही, कदाचित रडेलही. त्याने निराश होऊ नये. काही महिन्यांनी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी ते मूल दाराकडे पाहू लागेल. आमच्या मते घरच्या मुलाच्या विचारणेस आईबापांनी हेच उत्तर पाठवावे.