ताण आला की धरणारी गाठ

निरगाठ बसली की हलत नाही, सुरगाठ एका हिसक्यात सुटते. सैल असताना हाताने सरकावी आणि ताण येताच जागच्या जागी रुतावी, अशी तिसरी गाठ मात्र माणसाला पुन्हा पुन्हा नव्याने घडवावी लागली. दोर बदलत गेला, म्हणून.

काथ्याच्या दिवसांत काम सोपं होतं. खलाशी आणि तंबू ठोकणारे दोर खुंटाभोवतून परत आणत, फासाच्या आतून ताणलेल्या दोराला दोन वेढे देत आणि फासाबाहेर एक अढी घालत. ताण आला की वेढे मूळ दोराला किंचित वाकवतात आणि त्या बाकात घर्षण वाढतं. ताण काढा, गाठ पुन्हा सरकते. उरलेलं काम सुंभाचा खरखरीतपणा करायचा.

१९३१ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी बारीक दोरीचा फास जाड दोराभोवती गुंडाळून त्यावर चढण्याची रीत प्रसिद्ध केली. सह्याद्रीतल्या कड्यांवर आजही ‘प्रुसिक’ हा रोजचा शब्द आहे. पुढे नायलॉन आला, गुळगुळीत आणि ताणला जाणारा. त्यासाठी ब्रिटनच्या केन टारबक यांनी जास्त वेढ्यांची गाठ काढली. ती चांगली धरायची. पण गाभ्यावर विणलेलं आवरण असलेले दोर रुळले आणि ती मागे पडली, कारण आवरणालाच ती इजा करते. कॅनडाचे गिर्यारोहक रॉबर्ट चिस्नॉल यांची गाठ मला या सगळ्यांत देखणी वाटते: बांधायला सोपी आणि धक्क्याचा जोर थोडं सरकून पचवणारी.

झाडावर चढणाऱ्यांनी तर वेगळीच वाट धरली. त्यांची आवडती ‘ब्लेक’ गाठ जेसन ब्लेक यांच्या १९९४ च्या लिखाणाने गाजली. ती त्याआधीच ऑस्ट्रियाच्या हाइन्त्स प्रोहास्का यांनी शोधलेली होती. गरज तीच असली की दोन हात एकाच वेढ्याशी पोचतात.

चेन्नईच्या अण्णा नगरात आम्हाला ही सरकती गाठ लागते ती गच्चीवरच्या ताडपत्रीला. ईशान्य मोसमी पाऊस इथे ऑक्टोबर ते डिसेंबर झोडपतो. १२ डिसेंबर २०१६ च्या ‘वरदा’ वादळाने चेन्नईतली हजारो झाडं आडवी केली. बाजारात मिळते ती प्लास्टिकची निसरडी दोरी. तिच्यावर जुने दोन वेढे घसरतात. आत तिसरा, गरज पडली तर चौथा वेढा घालावा लागतो. भिजलेली ताडपत्री लोंबू लागली की गाठ न सोडता नुसती सरकवायची, दोर पुन्हा ताठ.

पावसाआधी एकदा आपल्याच दोरीवर गाठ बांधून सगळा भार टाकून पाहा. घसरली तर वेढा वाढवा. आणि या गाठीवर ताडपत्री सोपवा, स्वतःचा जीव नको. त्यासाठी जाणत्याकडून शिकायला हवं.