गोवर गेला, पण काय घेऊन गेला?

"गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, मूल कणखर होतं," असं घरातली मोठी माणसं म्हणतात. माझ्या सासूबाईही म्हणायच्या. त्यातलं अर्धंच खरं आहे.

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, ती गाठ म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशींचा तळ. विषाणू अंगात शिरला की राखणदार पेशी त्याचे तुकडे त्या गाठीत नेऊन दाखवतात. मग काही पेशी प्रतिपिंडं तयार करतात, ती विषाणूला चिकटून त्याला अडवतात. काही पेशी विषाणू शिरलेल्या पेशीच मारून टाकतात. गोवराचं लाल पुरळ उठतं ते याच लढाईमुळे.

लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात. थोड्या मात्र शत्रूची ओळख ठेवून मागे राहतात. किती वर्षं? युरोपातल्या फेरो बेटांवर १७८१ साली गोवर आला, त्यानंतर थेट १८४६ साली. हजारो माणसं आजारी पडली, पण लहानपणी गोवर झालेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षं ओळख टिकली!

आता उरलेलं अर्धं. गोवराचा विषाणू नेमका या ओळख ठेवणाऱ्या पेशींतच शिरतो. गोवराची ओळख नवी तयार होते, पण इतर आजारांची जुनी ओळख पुसली जाते. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं. २०१९ साली निष्कर्ष आला: मुलांच्या जुन्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. गोवर उतरल्यावर दोन महिन्यांनी मूल न्यूमोनियाने नाहीतर जुलाबाने पडतं, आणि आपण म्हणतो, नजर लागली.

लसीतला विषाणू कमकुवत केलेला असतो. तो ओळख करून देतो, जुनी पुसत नाही. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. राहतो तो दुसराच. कुणी माहेरी असते, कुणी ऊसतोडीला. राहिला असेल तर आशाताईंना कार्ड दाखवा, पाच वर्षांपर्यंत देता येतो.

गोवर झालाच, तर उशाशी कडुनिंबाचा पाला खुशाल ठेवा, पण मुलाला दवाखान्यात न्या. तिथे 'अ' जीवनसत्त्वाचा डोस लागोपाठ दोन दिवस देतात. पथ्य म्हणून खाणं तोडू नका. आणि बरं झाल्यावरही पुढचे काही महिने धाप लागली, श्वास घेताना छाती आत ओढली गेली, तर त्याच दिवशी निघा.