पाण्याचा हिशेब

आपल्या महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा विजयवाड्यापासून पुढे त्रिभुज प्रदेशात पसरते. तेथे १८५५ साली बंधारा पुरा झाला. १९५७ पासून त्याचे काम प्रकाशम बंधारा करतो. कालव्याच्या पाण्याचा हिशेब बहुधा भिजलेल्या एकरांत मांडतात. पण त्याच पाण्याने गावतळी भरतात, गुरे पितात, धुणी होतात, मासे वाढतात. झिरपलेले गोडे पाणी विहिरींत उतरते. एकेकाळी मालाच्या नावाही त्यावरून चालत. म्हणून केवळ पिकाकडे पाहून कालवा बंद केला, तर ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याची घागर आधी रिकामी होते. कंत्राटी कामगाराचे तसेच : राबतो, पण पटावर नाव नाही. हिशेबाआधी विचारावे, या पाण्यावर कोण कोण जगते?