पित्तरस, चहा-बिस्कीट आणि फॅटी लिव्हर

पचनसंस्था शिकवताना एक घोळ आधी सोडवावा लागतो. ‘पित्त झालंय’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा जठरातलं आम्ल वर आलेलं असतं. खरा पित्तरस यकृतात तयार होतो. पित्ताशयात तो फक्त साठतो. त्यातली पित्ताम्लं कोलेस्टेरॉलपासून बनतात आणि साबणासारखे तेलाचे बारीक थेंब करतात. काम झालं की सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटी शोषली जाऊन यकृतात परततात. ती निरोप्याचंही काम करतात: आता चरबी बनवणं आवर!

पण दिवसभर गोड चहा, बिस्किटं, कोल्ड्रिंक चालू असेल तर हा निरोप पुरत नाही. जादा साखरेची यकृत चरबी करतं आणि ती तिथेच साठू लागते. म्हणजे दोष एकट्या तेलाचा नाही. आपल्या शेलूकडच्या कडव्या वालांतल्या चोथ्यामुळे साखर रक्तात हळू उतरते.

‘आमचा बारीक आहे, खाऊ दे’ असं पालक म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५, तरी आपल्या बाळांत वजनाच्या मानाने चरबी जास्त! फॅटी लिव्हर सहसा दुखत नाही, सोनोग्राफीतच दिसतं. त्यामुळे नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका, डबा उघडून बघा.