“वर कोणीतरी पाहिजे” : मुलाखतीबद्दलचे गैरसमज

राज्यसेवा मुख्य परीक्षेचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत पेढ्यांबरोबर एक वाक्यही फिरतं: “आता वर कोणीतरी पाहिजे.” पोरानं तीन-चार वर्षं घासून लेखी काढलेली असते आणि बाप ओळखीचा माणूस शोधायला निघतो. हा गैरसमज घराला सगळ्यांत महाग पडतो, म्हणून आधी तोच.

मुलाखतीचं वजन किती? केंद्रीय नागरी सेवेत मुख्य परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ची, म्हणजे एकूण २०२५ गुणांत साडेतेरा टक्के. २०२५पासून राज्यसेवाही याच साच्यात आली. त्याआधी लेखी ८०० आणि मुलाखत १०० होती. मुलाखतीला अवाजवी गुण ठेवले तर मनमानीला वाव मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली अशोककुमार यादव खटल्यात बजावलेलं आहे. दिल्लीच्या मुलाखतीत तर उमेदवाराचे लेखी गुण मंडळापुढे नसतातच. मग अमुक इतके गुण वाढवून निवड पक्की करून देतो, हे कोणी कशाच्या जोरावर सांगतो?

त्याहून वाईट म्हणजे, जिथे मुलाखतच नाही तिथेही तिच्या नावानं पैसे मागितले जातात. केंद्रानं १ जानेवारी २०१६पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’च्या पदांसाठी मुलाखत बंद केली. तलाठी भरतीतही मुलाखत नसते. तरीही ‘मुलाखतीचं बघतो’ म्हणणारा भेटला, तर तो दलाल आहे.

दुसरी भीती भाषेची. घरी अहिराणी, शाळा मराठी, मग साहेबांपुढे इंग्रजी कसं फाडायचं? नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीतून दिली असेल तर मुलाखतही मराठीतून देता येते. मंडळाला मराठी येत नसेल तर दुभाषा असतो. एरंडोल तालुक्यातल्या ताडे गावचे राजेश पाटील आयएएस झाले आणि त्यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिलं ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू’. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल कुटुंबातले डॉ. राजेंद्र भारूड नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. बोलण्याला खानदेशी हेल असेल तर असू द्या.

‘मुलाखत म्हणजे तोंडी सामान्यज्ञान’ हा तिसरा गैरसमज. त्याचा एक प्रसंग मी समोर बसून पाहिला. रावेरकडच्या एका मुलाची सराव मुलाखत होती. प्रश्न होता: “वादळानं निसवलेली केळी आडवी झाली. तुम्ही तहसीलदार आहात. पहिल्या दिवशी काय कराल?” त्यानं जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं इथपासून सुरुवात केली आणि दोन मिनिटांत अडकला. मग मी विचारलं, “तुमच्या बागेचा पंचनामा झाला होता का?” पोरगा एकदम सरळ बसला. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर कसे आले, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर भरलं तरच मदत मिळते म्हणून शेजाऱ्याशी वाद कसा झाला, ज्याची बाग आत होती त्याचं नाव कसं राहून गेलं, सगळं त्यानं सांगितलं. “मी असतो तर यादी आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली असती,” हेही तोच म्हणाला. मंडळाला हेच हवं असतं. ही उलटतपासणी नसून हेतू ठेवून केलेला संवाद आहे, असं केंद्रीय आयोग परीक्षेच्या अधिसूचनेतच सांगतो.

त्यामुळे एखादं उत्तर येत नसेल तर सरळ “माहीत नाही, सर” म्हणावं. ठोकून दिलेलं उत्तर पुढच्या प्रश्नात उघडं पडतं. कपडे स्वच्छ आणि इस्त्रीचे असले की झालं. सुटासाठी उसनवारी नको.

तारीख हातात आली की आयोगाला भरून दिलेला आपलाच अर्ज काढा. त्यातल्या गाव, तालुका, पदवी, छंद अशा प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो. आणि वडिलांना आजच सांगा: कोणाला एक रुपयाही द्यायचा नाही.