कोतवाल (पक्षी)

कोतवाल : डायक्रुरिडी पक्षिकुलातील एक काळा पक्षी. याचे शास्त्रीय नाव डायक्रूरस मॅक्रोसर्कस असे आहे. भारतात तो बहुतेक सर्वत्र आढळतो. भंडारा जिल्ह्यात तलावांच्या पाळी, भाताच्या बांध्या व गुरे चरण्याच्या जागा येथे तो नेहमी दिसतो.

हा बुलबुलाएवढा, पण सडपातळ असून लांब शेपटीसह सु. ३० सेंमी. भरतो. सर्वांग तकतकीत काळे असते. शेपटी खोल दुभंगलेली असते. नर व मादी सारखीच दिसतात.

डायक्रूरस म्हणजे दुभंगलेल्या शेपटीचा व मॅक्रोसर्कस म्हणजे लांब शेपटीचा. दोन्ही पदे ग्रीक आहेत. व्ह्येयो या फ्रेंच पक्षिविज्ञांनी १८१७ मध्ये हे नाव दिले. पुढे काही ग्रंथांत त्याला डायक्रूरस ॲडसिमिलिस या आफ्रिकी जातीत समाविष्ट केले होते. आता या दोन जाती भिन्न मानतात. जुने व नवे ग्रंथ ताडून पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. इंग्रजीतील ‘किंग क्रो’ या नावामुळे तो कावळ्याच्या कुलातील वाटतो, पण तसे नाही. कस्तूर हा काळा पक्षीही निराळ्या कुलातला आहे. मराठीत याला कोळसा, तर हिंदीत भुजंगा असेही म्हणतात. ही नावे रंगावरून, तर कोतवाल हे नाव वर्तनावरून पडले आहे. घरट्याजवळ आलेल्या कावळ्यावर किंवा घारीवर तो निर्भयपणे तुटून पडतो. त्यामुळे हळद्या, होले, बुलबुल इ. पक्षी पुष्कळदा त्याच झाडावर घरटी बांधतात व त्यांना आपोआप संरक्षण मिळते. नागझिऱ्याच्या जंगलात आढळणारा भृंगराज हा याच वंशातला असून त्याच्या शेपटीची बाहेरची दोन पिसे तारेसारखी लांब व टोकाशी पात्यासारखी असतात.

टोळ, नाकतोडे, पतंग इ. कीटक हे याचे मुख्य भक्ष्य होय. गुरांच्या पाठीवर बसून त्यांच्या पायांमुळे उडणारे कीटक तो टिपतो. विणीचा हंगाम मुख्यतः एप्रिल ते ऑगस्ट असतो. घरटे झाडाच्या दुबेळक्यात, उथळ वाटीसारखे असते. मादी ३–५ अंडी घालते. नर-मादी दोघेही ती उबवितात.

मधमाश्या खात असल्यामुळे मधुपालकांना हा उपद्रवी वाटतो. शेतीला मात्र उपकारक आहे. भाताच्या शेतात कीडनियंत्रणासाठी पक्षिथांबे उभारण्याची शिफारस केली जाते, त्यांचा उपयोग कोतवाल विशेष करतो. कीटकनाशकांच्या अतिवापराने मात्र त्याचे भक्ष्यच नष्ट होते आणि शेताचा हा राखणदार दुरावतो.