भाजी गरम होती, तरीही

जानेवारी २०२४च्या अखेरीस शहापूर तालुक्यातल्या भातसई इथल्या आश्रमशाळेत मुलांसाठी बाहेरून जेवण आलं होतं. पुलाव आणि गुलाबजाम. जेवल्यानंतर मुलांना मळमळू लागलं, उलट्या झाल्या, पोटात दुखू लागलं. शंभराहून अधिक मुलांना शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखल करावं लागलं.

असं काही घडलं की गावात दोन तर्क हमखास निघतात: ‘अन्न कच्चं राहिलं असेल’ किंवा ‘पातेल्यात पाल पडली असेल’. अन्नातून विषबाधा घडवणारे जंतू अनेक आहेत. त्यांतला एक असा, की अन्न पुरतं शिजलेलं असतं, चव चांगली असते, वासही येत नाही, ताटात वाढताना वाफ निघत असते. तरी माणसं आजारी पडतात. त्याचं नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ. जेवणावळीत तो कसा शिरतो आणि नुकसान कसं करतो, ते क्रमाने पाहू.

जंतू येतो कुठून?

माणसाकडूनच. साधारण चारांतल्या एका निरोगी माणसाच्या नाकात हा जंतू कायम मुक्कामाला असतो. तो त्वचेवर असतो. पिकलेलं गळू, चिघळलेली जखम, नखाजवळ झालेलं नखुरडं यांत तर त्याची गर्दी असते. गाई-म्हशींना स्तनदाह झाला की दुधातही उतरतो. आचारी किंवा वाढपी स्वतः ठणठणीत असला, तरी नाक पुसलेला हात अन्नाला लागणं पुरेसं असतं.

कच्च्या अन्नात त्याचं फारसं चालत नाही, कारण तिथे इतर जंतू त्याला वाढू देत नाहीत. शिजवताना मात्र ते बहुतेक मरतात. त्यानंतर हात लागला, तर स्टॅफला मैदान मोकळं मिळतं. म्हणून शिजवल्यानंतर हाताने हाताळलेले पदार्थ जास्त धोक्याचे: उकडून सोललेले बटाटे, सोललेली अंडी, खव्याची मिठाई, दुधाची खीर, बासुंदी.

रात्रीचे आठ तास

समजा, मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या गावात सप्त्याची सांगता आहे. काल्याच्या कीर्तनानंतर ५०० माणसांची पंगत बसायची आहे. सकाळी घाई नको म्हणून आदल्या रात्री आठ वाजता बटाटे उकडले, दहा-बारा जणांनी मिळून सोलले, मोठ्या टोपात भरले आणि वर झाकण ठेवलं. त्यांतल्या एकाच्या बोटाला जखम होती.

हा जंतू साधारण ७ ते ४८ अंश सेल्सिअसदरम्यान वाढतो आणि माणसाच्या अंगाइतकी ऊब त्याला सर्वांत मानवते. खच्चून भरलेल्या टोपाच्या मध्यभागी ती ऊब तासन्‌तास टिकते. अशा उबेत तो साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो असं धरू. सुरुवातीला एका ग्रॅममध्ये १०० जंतू असतील, तर पाच तासांत दहा वेळा दुप्पट होऊन संख्या लाखाच्या वर जाते. विष पुरेसं तयार व्हायला साधारण एवढीच संख्या लागते. पहाटे चारला झाकण काढलं, तेव्हा आठ तास उलटलेले असतात. बटाट्याचा रंग, वास, चव काही बदललेलं नसतं.

फोडणी कुठे कमी पडते

आता तेल तापतं, मोहरी तडतडते, बटाटे कढईत पडतात. सत्तर अंशांच्या पुढे जंतू मरतात. पण त्यांनी अन्नात सोडलेलं विष हे प्रथिन आहे आणि ते विलक्षण टिकाऊ असतं. उकळत्या पाण्याच्या तापमानाला अर्धा तास ठेवलं तरी त्याचा मोठा भाग शाबूत राहू शकतो. पोटातली पाचक द्रव्यंही त्याला सहजी मोडू शकत नाहीत. भाजी गरमागरम वाढली जाते, त्यात जिवंत जंतू जवळपास नसतात आणि विष मात्र असतं.

याचा सर्वांत मोठा धडा जपानने २००० साली घेतला. होक्काइदोमधल्या दुधाच्या कारखान्यात मार्चमध्ये वीज गेली, दूध काही तास कोमट राहिलं आणि त्यात स्टॅफ वाढला. पुढे त्याची पावडर झाली, पावडरीपासून ओसाकात कमी स्निग्धांशाचं दूध तयार झालं. तापवण्याच्या प्रक्रियेत जंतू मेले, विष उरलं. तेरा हजारांहून जास्त लोक आजारी पडले. वीज जाणं ही गोष्ट आपल्याकडे किती नवलाईची आहे, हे शहापूर-मुरबाडकरांना सांगायला नको.

विषाची मात्रा तरी किती लागते? अमेरिकेत १९८५ साली शाळकरी मुलं चॉकलेटच्या दुधाने आजारी पडली, तेव्हा एका पाकिटात सरासरी १४४ नॅनोग्रॅम विष सापडलं. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम.

पोटात काय होतं

विष आतड्यातल्या मज्जातंतूंना चेतवतं. संदेश मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जातो. जंतूंना पोटात वाढावं लागत नाही, त्यामुळे त्रास लवकर सुरू होतो: एक ते सहा तासांत, कधी अर्ध्या तासातच. मळमळ, जोराच्या उलट्या, पोटात पेटके, कधी जुलाब. ताप सहसा नसतो. बहुतेक माणसं एका दिवसात सावरतात. एकापासून दुसऱ्याला लागण होत नाही आणि अँटिबायोटिकचा या विषावर उपयोग नाही. खरा धोका अंगातलं पाणी कमी होण्याचा, आणि तो लहान, अशक्त मुलांना व म्हाताऱ्यांना जास्त. म्हणून घोट घोट जलसंजीवनी सुरू करावी. पोटात काही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा मूल मलूल पडलं असेल, तर १०८ला फोन करावा.

इथे घड्याळ डॉक्टरांच्याही कामाला येतं. जेवणानंतर आठ-दहा तासांनी पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले, किंवा ताप आला, तर संशय दुसऱ्या जंतूंवर जातो. तासन्‌तास बाहेर ठेवलेल्या भातातल्या बॅसिलस सेरियसची एक तऱ्हा मात्र स्टॅफसारखीच लवकर उलट्या घडवते. दोघांत फरक करायला अन्नाचा नमुना तपासावा लागतो. म्हणून उरलेलं अन्न घाबरून ओढ्यात ओतू नये. झाकून, थंड जागी ठेवावं आणि आरोग्य केंद्राला किंवा अन्न व औषध प्रशासनाला कळवावं. कोण किती वाजता जेवलं, काय खाल्लं आणि पहिली उलटी कधी झाली, हे वहीत लिहून ठेवावं.

पंगतीआधी

आधी कुणीतरी चव घेऊन पाहण्याची पद्धत चांगली आहे, पण या विषापुढे ती अपुरी. चव बिघडत नाही आणि त्रास काही तासांनी होतो, तोवर पंगत उठलेली असते.

५०० माणसांच्या स्वयंपाकाला पुरेल एवढा फ्रिज गावात नसतो. मग वेळ आखणं हाती उरतं. जेवण दुपारी एकला असेल, तर बटाटे सकाळीच उकडावेत, सोलल्याबरोबर फोडणीला टाकावेत. दुधाचे पदार्थ सर्वांत शेवटी करावेत. वाढेपर्यंत पातेलं मंद आचेवर, साठ अंशांच्या वर गरम ठेवावं. ते जमत नसेल, तर चुलीवरून उतरवल्यापासून दोन तासांत पान वाढलेलं असावं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. काही थंड करून ठेवायचंच असेल, तर टोपात न ठेवता परातींत पातळ पसरून थंड करावं आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवावं. आचाऱ्याच्या पथकाला साबण आणि पाणी चुलीजवळच द्यावं. ज्याच्या हाताला गळू किंवा जखम आहे, त्याला लाकडं आणायला, पाणी भरायला लावावं. कीर्तन लांबलं आणि अन्न कोमट होऊन बराच वेळ गेला, तर पुन्हा उकळी आणून वाढण्यापेक्षा ते टाकून दिलेलं बरं. पाचशे पानांचं अन्न टाकणं जिवावर येतं, म्हणूनच चूल कधी पेटवायची हे पंगतीच्या वेळेवरून मागे मोजत आदल्या दिवशीच ठरवलेलं असावं.